दोन लिटरमधून सहाशे अश्वशक्ती? आधी गिअरबॉक्सला विचारा

टोयोटाच्या येऊ घातलेल्या मधल्या इंजिनाच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये दोन लिटरच्या इंजिनातून ६०० अश्वशक्ती मिळणार आणि तिला ‘एफ-वनचा गिअरबॉक्स’ असणार, असा दावा बेळगाव-निपाणीकडच्या गाडीवेड्या पोरांच्या मोबाईलवर फिरतोय. दावा तपासायला कंपनीत ओळख लागत नाही. शाळेतलं भौतिकशास्त्र आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी हातात काय आहे ते पाहू. जानेवारी २०२५ मध्ये टोकियो ऑटो सलूनमध्ये टोयोटाने ‘जीआर यारिस एम कन्सेप्ट’ दाखवली. नेहमीच्या जीआर यारिसचं इंजिन पुढे असतं. हिच्यात नवं दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन सीटच्या मागे, मागच्या आसाच्या पुढे बसवलं होतं आणि ताकद चारही चाकांना जात होती. बाकी बराचसा अंदाज आहे. पण अंदाजालाही पाया असतो, आणि इथे तो पाया म्हणजे आजची जीआर यारिस: १६१८ सीसी, तीन सिलिंडर, जपानी आवृत्तीत ३०४ पीएस (अश्वशक्तीचंच मेट्रिक माप) आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्क.

टॉर्क म्हणजे पिळण्याचं बळ. तो सिलिंडरमधल्या सरासरी दाबावर आणि इंजिनाच्या आकारमानावर अवलंबून असतो. चार स्ट्रोकच्या इंजिनासाठी टॉर्कला ४π ने गुणून आकारमानाने भागलं की हा दाब मिळतो. १६१८ सीसी आणि ४०० न्यूटन-मीटर यांचं उत्तर येतं सुमारे ३१ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण ३१ पट. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा फार मोठा दाब आहे. मर्सिडीजच्या ए-४५ एसचं दोन लिटरचं इंजिन ५०० न्यूटन-मीटर देतं, त्याचाही हिशोब ३१-३२ बारवरच येतो. म्हणजे आजच्या तंत्राची हद्द साधारण कुठे आहे ते कळलं.

आता तोच दाब दोन लिटरला लावा. टॉर्क ४९४ न्यूटन-मीटर. ताकदही त्याच प्रमाणात वाढवली तर ३७५ पीएस. म्हणून ३७५ ते ४०० पीएस मिळतील ही दुसरी कुजबुज पटण्यासारखी आहे. मर्सिडीजचं ते इंजिन ४२१ पीएस देतंच. ६०० मात्र वेगळी गोष्ट आहे. किलोवॉट म्हणजे न्यूटन-मीटर गुणिले दर मिनिटाचे फेरे भागिले ९५४९. ६०० पीएस म्हणजे ४४१ किलोवॉट, तेव्हा ४९४ न्यूटन-मीटर टॉर्क थेट साडेआठ हजार फेऱ्यांपर्यंत टिकवून धरावा लागेल. तितकी हवा पुरवणारा टर्बो मोठा आणि जड असतो, खालच्या फेऱ्यांवर तो जागाच होत नाही. शर्यतीत चालेल, घाटात नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पेट्रोलच्या नळीवर चुंबक बसवलं की ताकद आणि मायलेज वाढतं, असं सांगून ती चुंबकं अजून विकली जातात. त्या चुंबकाने पेट्रोलच्या ज्वलनात काही फरक पडत नाही. पैसे देऊ नका. चुंबकाचा खरा उपयोग गिअरबॉक्सच्या तळात होतो: तेलातला लोखंडी कीस तिथे गोळा होतो. तेल बदलताना चुंबकावर करडी, मऊ पेस्ट दिसली तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर दाते किंवा बेअरिंग तुटायला लागलंय.

आता ‘एफ-वनचा गिअरबॉक्स’. लोक ज्याला हे नाव देतात तो बहुधा डबल-क्लच असतो, आणि एफ-वनच्या गाडीत डबल-क्लच नसतो. तिथे २०१४ पासून आठ गिअरचा, एका क्लचचा सिक्वेन्शियल, म्हणजे ओळीनेच गिअर बदलणारा, गिअरबॉक्स आहे. पुढचा गिअर मागचा सुटता सुटता अडकतो, गिअरचे वेग जुळवणारे सिंक्रोनायझर नसतात. शहरात तो कोणी वापरू शकणार नाही. डबल-क्लचची कल्पना १९३० च्या दशकात फ्रेंच इंजिनिअर अडॉल्फ केग्रेस यांनी मांडली, १९८० च्या दशकात पोर्शने ती शर्यतीत वापरली आणि २००३ मध्ये गोल्फ आर-३२ मधून ती लोकांपर्यंत आली. १-३-५ एका शाफ्टवर, २-४-६ दुसऱ्यावर; एक चालू असताना पुढचा गिअर आधीच लागलेला असतो. सुंदर यंत्रणा आहे. तरी मला वाटतं टोयोटा तिकडे जाणार नाही. २०२४ मध्ये जीआर यारिसला जो आठ गिअरचा ऑटोमॅटिक मिळाला, तो टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणारा भाग) आणि ग्रहमालेचा आहे, आणि कंपनीने तो शर्यतीत आणि रॅलीत घासून तयार केलाय.

ही ग्रहमाला समजून घेण्यासारखी आहे. मध्ये एक सूर्य-गिअर, त्याभोवती फिरणारे ग्रह-गिअर, आणि सगळ्यांना बाहेरून वेढणारं आतल्या बाजूला दाते असलेलं कडं. ग्रहांना एकत्र धरणारी चौकट म्हणजे कॅरिअर. समजा सूर्याला ३० दाते आणि कड्याला ७०. मग ग्रहाला (७० − ३०) ÷ २ = २० दाते लागतात. सूर्य आणि कडं यांच्या दात्यांची बेरीज १००, तिला ४ ने भाग जातो, म्हणून चार ग्रह समान अंतरावर बसतात. तीन बसवायला गेलात तर १०० ला ३ ने भाग जात नाही आणि ते समान अंतरावर दात्यात दाता घालून बसतच नाहीत. बेळगावच्या उद्यमबागेत गिअरचे दाते कापणाऱ्याला हे हिशोब पाठ असतात.

आता जादू बघा. कडं धरून ठेवलं, सूर्य फिरवला आणि कॅरिअरवरून ताकद घेतली, तर गुणोत्तर १ + ७०/३० = ३.३३. सूर्य धरला आणि कडं फिरवलं तर १ + ३०/७० = १.४३. दोन भाग एकमेकांना बांधले तर सगळा संच एकसंध फिरतो: १. दाते कुठेच सरकले नाहीत, गिअर निघाला नाही की लागला नाही. फक्त कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं एवढंच बदललं. ते काम तेलात बुडालेले क्लचच्या चकत्यांचे गठ्ठे करतात. असे तीन-चार संच एकामागे एक जोडले की आठ गिअर होतात. शिवाय भार चार ग्रहांत वाटला जातो आणि समोरासमोरचे रेटे एकमेकांना मारून टाकतात, त्यामुळे शाफ्ट वाकायला बघत नाही. म्हणूनच लहान डबाही मोठा टॉर्क पेलू शकतो.

गिअर बदलताना एक गठ्ठा सुटतो आणि दुसरा धरतो. कसोटी या अदलाबदलीत असते. पहिला उशिरा सुटला तर दोन गिअर एकाच वेळी लागल्यासारखे होतात, गाडीला झटका बसतो आणि चकत्या करपतात. लवकर सुटला तर इंजिन मोकळं सुटून फेरे वर पळतात. थंड तेल घट्ट असतं आणि वाल्व्हमधून सावकाश वाहतं, म्हणून संगणक तेलाचं तापमान बघून दाब ठरवतो. तेल जुनं झालं, जळका वास येऊ लागला, की हा सगळा हिशोब चुकतो. ‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दावर विसंबून घाटात राहणाऱ्यांनी तेल बदलणं टाळू नये. ६०,००० किलोमीटरच्या आसपास बदललेलं बरं. सीलबंद डब्यात डिपस्टिक नसते. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, तेल कंपनीने सांगितलेल्या तापमानाला (बहुतेक ४० अंशांच्या आसपास) आणि मग लेव्हल प्लग उघडायचा. थेंब थेंब बाहेर आलं तर पातळी बरोबर. गरम तेलावर मोजलं तर तेल फुगलेलं असल्याने कमी भरलं जातं.

बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात, कणकुंबीच्या पुढे, ट्रकच्या मागे रांगताना काय होतं? इंजिन १५०० फेऱ्यांवर १०० न्यूटन-मीटर देतंय आणि गिअरबॉक्सकडचा शाफ्ट ५०० वर आहे असं धरा. क्लचमध्ये १००० फेऱ्यांची ही घसरण साडेदहा किलोवॉट उष्णता तयार करते, म्हणजे पाच गिझर एकदम चालू. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये उष्णता तेलात जाते आणि कूलरमधून बाहेर पडते. सुक्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या, डबल-क्लचमध्ये ती चकतीवरच राहते. म्हणूनच फोक्सवॅगनचा सुका सात-गिअर डीएसजी (त्यांचा डबल-क्लच) २५० न्यूटन-मीटरपर्यंतच वापरला जातो आणि भारतात २०२५ मध्ये आलेल्या ३७० न्यूटन-मीटरच्या गोल्फ जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएस या दोघींना ओला क्लच आहे. घाटात डबल-क्लचवाल्यांनी इंचाइंचाने सरकू नये. ब्रेक दाबून पुढे गाडीभर जागा होऊ द्यावी, मग एकदम निघावं. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं हा क्लच जाळायचा सर्वात जवळचा रस्ता.

आठ गिअर कशाला, हाही प्रश्न येतो. पहिल्या आणि शेवटच्या गिअरच्या गुणोत्तरात सहापट अंतर धरलं, तर सहा गिअरमध्ये प्रत्येक पायरी १.४३ ची होते आणि आठमध्ये १.२९ ची. ७००० फेऱ्यांवर गिअर बदलला की सहावाल्याचं इंजिन ४८९० वर पडतं, आठवाल्याचं ५४२० वर. टर्बो त्या पट्ट्यात भरलेलाच राहतो. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे ९ टक्के कमी. साधं इंजिन जवळपास तितकी ताकद गमावतं, टर्बो ती तूट बऱ्याच अंशी भरून काढतो.

राहिला प्रश्न मांडणीचा. जीआर यारिसचं इंजिन आडवं आहे आणि गिअरबॉक्स त्याच्या शेजारी. ही जोडी उचलून सीटच्या मागे ठेवणं टोयोटाला नवं नाही. १९८४ च्या एमआर-२ मध्ये पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या कोरोलाचीच यंत्रणा मागे गेली होती. अडचण रुंदीची आहे. ५०० न्यूटन-मीटर म्हणजे आजच्यापेक्षा २५ टक्के जास्त भार, आणि दात्यांच्या स्पर्शावरचा ताण टॉर्कच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. ऐकायला थोडा वाटतो, पण दात्यांवर खड्डे पडण्याचं आयुष्य त्याहून कितीतरी वेगाने घटतं. उपाय दोन: दाते रुंद करा, मग डबा रुंद होतो आणि आडव्या मांडणीत जागाच नाही; किंवा पहिल्या दोन गिअरमध्ये सॉफ्टवेअरने टॉर्क ४०० वर रोखा. दुसरा स्वस्त आहे.

माझा अंदाज असा: दोन लिटर, ३७५ ते ४०० पीएस, आठ गिअरचा ग्रहमालेचा ऑटोमॅटिक आणि सोबत सहा गिअरचा मॅन्युअल. गाडी जाहीर होईल तेव्हा अश्वशक्तीच्या आकड्याकडे नंतर बघा. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक यांच्या रकान्यांत टॉर्क वेगवेगळा छापलेला असेल, तर कमी आकडा बहुधा इंजिनाचा नसून त्या गिअरबॉक्सच्या दात्यांचा असेल.