अंतर्गत समिती की स्थानिक समिती? तक्रार नेमकी कुठे द्यायची

कामाच्या ठिकाणी बाईला कुणी त्रास दिला की जवळचं माणूस सांगतं, "समितीकडे तक्रार कर." पण 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात समित्या दोन आहेत. दार चुकलं की दिवस हातचे जातात.

अंतर्गत समिती मालकाने नेमायची. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ती हवीच. खरी गफलत होते ती मोजणीत. वाळूजमधल्या एखाद्या छोट्या कारखान्याचा मालक म्हणतो, "आमच्याकडे बायका तीनच, समिती कशाला?" मोजायचे असतात सगळेच: पुरुष, कंत्राटी कामगार, शिकाऊ पोरंसुद्धा. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, सदस्यांत किमान निम्म्या महिला, आणि एक जण बाहेरच्या सामाजिक संस्थेतला. हा बाहेरचा सदस्य मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो मालकाचा नोकर नसतो. समितीच नेमली नाही तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

स्थानिक समिती जिल्ह्याची. ती जिल्हा अधिकाऱ्याने नेमायची. लातूरच्या एखाद्या कापड दुकानात चारच मुली कामाला असतील, तर त्यांच्यासाठी हीच समिती. "आपलं दुकान लहान, आपल्याला कुठला कायदा" असं समजून कितीतरी जणी गप्प बसतात, ते चूक आहे. आणि दालमिलमध्ये पन्नास माणसं असली, पण त्रास देणारा खुद्द मालकच असला, तरी तक्रार स्थानिक समितीकडेच जाते. ज्याने समिती नेमली त्याचीच चौकशी ती कशी करणार?

अंबाजोगाईच्या किंवा भोकरदनच्या बाईने यासाठी रोज बुडवून, पदरमोड करून जिल्ह्याच्या गावी जायची गरज नाही. प्रत्येक तालुक्याला एक समन्वय अधिकारी असायला हवा. त्याने तक्रार घेऊन 7 दिवसांत समितीकडे पाठवायची असते. या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर तहसीलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. पत्ता लागला नाही तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारावं.

घरकाम करणाऱ्या बायकांनीही स्थानिक समितीकडेच जायचं. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने ती 7 दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते.

मुदत दोन्हीकडे सारखीच. घटनेपासून 3 महिन्यांच्या आत लेखी तक्रार. उशिराचं कारण पटलं तर आणखी 3 महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. चौकशी 90 दिवसांत संपवायची. तोवर त्याच माणसासमोर रोज उभं राहणं सोसत नसेल, तर बदली किंवा 3 महिन्यांपर्यंतची रजा लेखी मागता येते, आणि ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही.