मुलांच्या डोक्याला मार: रुग्णालयाची कन्कशन-पत्रकं वापरण्याच्या अटी आणि परवानगीचा अर्ज

अमेरिका-कॅनडातली मोठी बालरुग्णालयं कन्कशनबद्दल, म्हणजे डोक्याला हिसका किंवा मार बसून मेंदूच्या कामात होणाऱ्या बिघाडाबद्दल, पालकांना आणि प्रशिक्षकांना समजेल असं भरपूर साहित्य फुकट देतात. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाचा ‘माइंड्स मॅटर’ उपक्रम आणि टोरोंटोच्या हॉलंड ब्लूरव्ह्यू या मुलांच्या पुनर्वसन रुग्णालयाचं कन्कशन केंद्र ही त्यातली ओळखीची नावं. तिथल्या मराठी मंडळाची क्रिकेट लीग चालवणारे, रविवारच्या मराठी शाळेतले स्वयंसेवक आणि इकडे आपल्याकडचे काही क्रीडाशिक्षकही हे साहित्य उतरवून घेतात. मग दोन प्रश्न येतात. आहे तसं छापून वाटलं तर चालेल का? आणि मराठीत करून वाटलं तर? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो, पण अटी वाचा’ असं असतं. दुसऱ्याचं जवळजवळ नेहमी ‘लेखी परवानगीशिवाय नाही’ असंच.

प्रत्येक रुग्णालयाची अटींची भाषा वेगळी असते, त्यामुळे तुम्ही घेतलेल्या पत्रकाच्या तळाशी आणि रुग्णालयाच्या वापर-अटींच्या पानावर काय लिहिलंय ते आधी वाचा. अटींचा साचा मात्र बराचसा सारखा असतो. तोच इथे उलगडून सांगतो.

कायद्याने मागितलेलं पत्रक वेगळं

हा घोटाळा नेहमी होतो, म्हणून आधी हे. वॉशिंग्टन राज्यात २००६ साली झॅकरी लिस्टेट हा १३ वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागूनही त्याच अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात पुन्हा खेळला आणि त्याला कायमचं अपंगत्व आलं. २००९ मध्ये तिथे त्याच्या नावाने कायदा झाला: खेळाडू आणि पालकांनी दरवर्षी माहितीपत्रकावर सही करायची, कन्कशनचा संशय येताच मुलाला बाहेर काढायचं आणि वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी संमतीशिवाय परत उतरवायचं नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या ५० राज्यांत या धर्तीचे कायदे आले. ओटावाची रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची रग्बीपटू २०१३ मध्ये दगावली. त्यानंतर ऑन्टारियोने २०१८ मध्ये ‘रोवन्स लॉ’ केला. त्याखाली येणाऱ्या क्रीडासंस्थांत २६ वर्षांखालच्या खेळाडूंनी, आणि खेळाडू अठराच्या आतला असेल तर पालकांनीही, सरकारने ठरवून दिलेलं जागृतीसाहित्य दरवर्षी वाचल्याची नोंद द्यावी लागते.

म्हणजे तुमची लीग या कायद्यात बसत असेल तर रुग्णालयाचं पत्रक कितीही सुंदर असलं तरी ते सरकारी साहित्याच्या जागी चालत नाही. ते जोडीला द्यायचं. तुम्ही स्वतः केलेलं मराठी पत्रकही जोडीलाच.

परवानगी न मागता काय करता येतं

स्वतःच्या घरासाठी उतरवून घेणं, छापणं, मुलाच्या वर्गशिक्षिकेला दाखवणं याला कुणाची हरकत नसते. दुवा पाठवणं तर सगळ्यात सुरक्षित, कारण पत्रक त्यांच्याच जागेवर राहतं आणि त्यांनी ते सुधारलं की तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातल्या पालकांनाही सुधारलेलंच दिसतं. शाळा, संघ, दवाखाना यांनी आहे त्या रूपात, पैसे न घेता, रुग्णालयाचं नाव आणि कॉपीराइटची ओळ शाबूत ठेवून प्रती वाटायला अनेक रुग्णालयं आधीच मुभा देऊन ठेवतात. मात्र ती मुभा तुमच्या पत्रकाच्या अटींत स्पष्ट दिसली पाहिजे. नुसतं ‘उतरवून घ्या’ असं बटण म्हणजे वाटण्याची परवानगी नव्हे.

आणि ‘आहे त्या रूपात’ हे अक्षरशः घ्यायचं. वरच्या कोपऱ्यात मंडळाचं बोधचिन्ह चिकटवणं हा बदल झाला. चार पानांतलं एकच पान उचलणं हा बदल झाला. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत, एका बाजूला घरांच्या दलालाची आणि दुसऱ्या बाजूला मिठाईवाल्याची जाहिरात, त्यामध्ये हे पत्रक छापणं तर दुहेरी अडचणीचं: व्यापारी वापराचा प्रश्न येतो आणि रुग्णालयाने त्या जाहिरातदारांना पाठिंबा दिल्यासारखंही दिसतं. मशीनकडून भाषांतर करून घेऊन पीडीएफ फिरवणं हेही भाषांतरच.

सरकारी साहित्याची गोष्ट थोडी निराळी. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या मजकुरावर कॉपीराइट नसतो. त्यामुळे तिथल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेचं ‘हेड्स अप’ साहित्य बरंच मोकळं आहे. तरी सीडीसीचं चिन्ह आपल्या मनाने वापरता येत नाही, आशय बदलता येत नाही, आणि संस्थेने तुम्हाला पाठिंबा दिलाय असं भासवता येत नाही. शिवाय त्याच मालिकेतला डॉक्टरांसाठीचा तपासणी-फॉर्म, ज्याला ‘एस’ म्हणतात, त्यावर दोन तज्ज्ञांचा २००६ चा खासगी कॉपीराइट छापलेला आहे. म्हणून पुडक्यातलं प्रत्येक पान वेगळं तपासा. कॅनडात तर सरकारी मजकुरालाही क्राउन कॉपीराइट लागू असतो.

एवढी कडक अट का

मला विचाराल तर बदल न करण्याची अट ही रुग्णालयाची कंजुषी नाही. कन्कशनचा सल्ला गेल्या काही वर्षांत खरोखर पालटलाय. पूर्वी लक्षणं पूर्ण जाईपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं एकमतपत्र २०२३ मध्ये आलं. त्यानुसार पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, स्क्रीन कमी, पण रोजची हलकी हालचाल आणि चालणं सुरू ठेवायचं, आणि मग टप्प्याटप्प्याने शाळा नि खेळ. आता कुणी दहा वर्षांपूर्वीचं पत्रक मराठीत करून ठेवलं असेल, तर मूळ पत्रक मागे घेतलं गेलं तरी मराठी प्रत गटागटांतून फिरतच राहते, आणि वर नाव त्या रुग्णालयाचंच.

भाषांतरात जोखीम आणखी वाढते. ताबडतोब रुग्णालय गाठायला सांगणाऱ्या लक्षणांची यादी बघा: वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी, शुद्ध हरपणं, हातापायांत अशक्तपणा किंवा मुंग्या, एकाचे दोन दिसणं, मान दुखणं, वाढता गोंधळ किंवा चिडचिड. यातल्या ‘वाढत जाणारी’ या दोन शब्दांतला एक गळला तरी पालक साध्या डोकेदुखीने धास्तावतील, नाहीतर गंभीर डोकेदुखीकडे काणाडोळा करतील. आणि शुद्ध न हरपताही कन्कशन होतं, बहुतेक वेळा तसंच होतं, हे वाक्य तर कुठल्याही भाषेत पुसट होऊन चालणार नाही.

मैदानावर बिगर-डॉक्टरांनी कन्कशन ओळखायला वापरायचं सीआरटी-६ हे पत्रकही याच चालीचं. ते आहे तसं मोकळेपणाने वाटता येतं. पण भाषांतर, डिजिटल मांडणी किंवा नवं बोधचिन्ह लावायला प्रकाशकाची लेखी संमती लागते. रुग्णालयाच्या पत्रकात हे किंवा दुसरी एखादी लक्षण-प्रश्नावली आतच छापलेली असेल, तर तिची परवानगी रुग्णालय देऊच शकत नाही. छायाचित्रं आणि चित्रंही अनेकदा विकत घेतलेली असतात. अशा वेळी मालक दोन, तर अर्जही दोन.

अर्ज कुणी, कुणाकडे

अर्ज संस्थेच्या नावाने आणि सही करण्याचा अधिकार असलेल्या माणसाने करावा. शाळा, नोंदणीकृत ना-नफा मंडळ, क्रीडासंघ, दवाखाना यांना सहसा अडचण येत नाही. क्लासवाले, विमा कंपन्या, हेल्मेट विकणारे, अ‍ॅप बनवणारे यांचा वापर व्यापारी धरला जातो, त्यांना नकार किंवा सशुल्क करार संभवतो. एकट्या व्यक्तीनेही अर्ज करायला हरकत नाही, पण भाषांतरासाठी संस्था पाठीशी असलेली बरी.

पत्र जातं ते रुग्णशिक्षण, जनसंपर्क किंवा विधी विभागाकडे. ज्याचा पत्ता कॉपीराइटच्या ओळीजवळ असेल त्याच्याकडे. ओळखीच्या डॉक्टरांनी ‘वापरा की, काय हरकत आहे’ म्हटलं, तर त्यांचे आभार माना, पण ती परवानगी समजू नका. मजकुराचा मालक बहुधा रुग्णालय असतं, डॉक्टर नव्हे.

पत्रात काय, सोबत काय

पत्रकाचं नेमकं शीर्षक, आवृत्ती किंवा तारीख, हवी ती पानं आणि दुवा. वापर कुठे, कोणत्या वयाच्या मुलांच्या पालकांसाठी, अंदाजे किती प्रती, छापील की संकेतस्थळावर, किती काळ. पैसे घेणार का आणि खर्च कोण करतंय, प्रायोजक असेल तर त्याचं नाव. हे आधी लपवून मुद्रणाच्या वेळी सांगितलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

कागदपत्रांत संस्थेच्या नोंदणीचा पुरावा: अमेरिकेत ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त ना-नफा संस्था, या दर्जाचं पत्र, कॅनडात धर्मादाय नोंदणी क्रमांक किंवा ना-नफा नोंदणी, महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र. भाषांतर असेल तर भाषांतरकार कोण आणि मराठी वाचणारे कोणते डॉक्टर मजकूर तपासणार, तेही लिहा. बालरोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ असले तर उत्तम. मराठी मजकूर दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून तोही जोडा. रुग्णालयात मराठी वाचणारं कुणी नसेल तर तपासायला त्यांच्या हाती तेवढंच असतं. मांडणीचा नमुनाही पाठवा.

सही करण्याआधी हे कलम वाचा

परवानगीपत्रात पहिली कलमं सरळ असतात: श्रेयाची ओळ अमुक शब्दांतच छापा, हा वैद्यकीय सल्ला नव्हे हे लिहा, सुधारित आवृत्ती आली की जुन्या प्रती काढून टाका, परवानगी कधीही मागे घेतली जाऊ शकते. शेवटाकडे मात्र नुकसानभरपाईची हमी दडलेली असू शकते: तुमच्या वापरामुळे रुग्णालयावर दावा झाला तर खर्च तुमचा. भाषांतरात चूक होऊन मुलाला इजा झाली असा आरोप आला, तर हे कलम तुमच्या मंडळाच्या तिजोरीपर्यंत पोचतं. कार्यकारिणीला दाखवल्याशिवाय, आणि मंडळाचा दायित्व विमा यात मोडतो का हे विचारल्याशिवाय सचिवांनी एकट्याने सही करू नये. हे कलम वगळण्याची किंवा फक्त ‘आमच्या चुकीपुरतं’ मर्यादित करण्याची विनंती करता येते.

भारतात वापरायचं असेल तर

परदेशी पत्रक म्हणून मोकळं असं नाही. आंतरराष्ट्रीय करारांमुळे अशा मजकुराला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचंच संरक्षण मिळतं, आणि भाषांतराचा हक्कही मालकाकडेच राहतो. कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने केलेल्या प्रतींना सूट आहे, पण ती वर्गातल्या अध्यापनासाठी. गावभर पत्रकं वाटायला तिचा आधार घेऊ नका.

अर्जात इथले बदल आधीच मागून घ्या. पत्रकात आणीबाणीचा क्रमांक ९११ असतो, तो आपल्याकडे ११२ किंवा १०८ करावा लागेल, आणि परवानगीशिवाय हाही ‘बदल’च. ऑन्टारियोत खेळायची संमती डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासण्याचा अधिकार असलेल्या उच्चशिक्षित परिचारिका) देतात, अमेरिकेतल्या शाळांत अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणारे प्रशिक्षित लोक, असतात. साताऱ्याच्या शाळेत यांच्या जागी कोण, हे रुग्णालयाला विचारून, लेखी ठरवून घ्यावं लागतं.

नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर

मौन म्हणजे होकार नव्हे. आठवण करणारं एक पत्र पाठवा आणि तोवर दुवाच फिरवा. पालकसभेत मूळ पत्रक समोर ठेवून एखाद्या डॉक्टरांनी मराठीतून समजावून सांगितलं, तर कागदावर भाषांतर छापण्याची गरजच उरत नाही.

आणखी एक रस्ता आहे. कॉपीराइट मांडणीवर आणि शब्दांवर असतो, वैद्यकीय माहितीवर नाही. लक्षणं कोणती, पहिले दोन दिवस काय करायचं, खेळात परतण्याचे टप्पे कसे, हे तुमच्या डॉक्टरांनी स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या क्रमाने मराठीत लिहिलं तर ते तुमचं पत्रक. त्यावर रुग्णालयाचं नाव नको, त्यांची चित्रं नकोत, आणि त्यांचं पत्रक शेजारी ठेवून ओळीमागून ओळ लिहिणंही नको. लिहिणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि तपासल्याची तारीख मात्र ठळक हवी.