नीरेची ताडी सूर्य करत नाही

"सूर्य उगवला की नीरेची ताडी होते," हे कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं वाक्य. त्यामुळे उजाडण्याआधीची नीरा नक्कीच बिननशेची, असं अनेक जण धरून चालतात. ते खरं नाही.

माडातून झिरपणाऱ्या ताज्या रसात साधारण 10 ते 15 टक्के साखर असते, अल्कोहोल नसतं. पण हवेतलं, झाडावरचं आणि विशेषतः कालच्या मडक्याला आतून चिकटलेलं यीस्ट रस पडू लागताच कामाला लागतं, भर अंधारातसुद्धा. साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, फेस त्याचाच. ऊन फक्त वेग वाढवतं. म्हणून नीट न धुतलेल्या मडक्यातली पहाटेची नीराही आंबलेली असू शकते, आणि स्वच्छ भांड्यात उतरवून लगेच बर्फात ठेवलेली दुपारीही गोड राहू शकते. मडक्याला आतून चुना लावतात तोही आंबणं लांबवण्यासाठीच.

लहान मुलांना किंवा दारू वर्ज्य असलेल्यांना नीरा देताना कृपा करून घड्याळावर विसंबू नका. फेस, आंबूस वास, जिभेवर चुरचुर, यातलं काहीही जाणवलं तर देऊच नका. लिंबू-पुदिना घालून मॉकटेल केल्याने तयार झालेलं अल्कोहोल जात नाही, उलट लिंबामुळे आंबूसपणा लपतो.