दहा डावांवरून इंजिन ठरत नाही

"दहा डावांत ६-४ ने जिंकलं, तेच इंजिन भारी," हा मेसेज बेळगाव-खानापूरकडच्या बुद्धिबळाच्या ग्रुपवर फिरत असतो. (इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर प्रोग्राम.) आकडा खरा असेलही, पण दहा डाव फार थोडे. रुपयाचं नाणं दहादा उडवून बघा: नेमके पाच छापे साधारण चारातून एकदाच पडतात. म्हणजे दोन्ही इंजिनं तुल्यबळ असली तरी ६-४ सहज होतं. (बरोबरीचे डाव इथे सोडून दिलेत.) हजारात ६००-४०० आले, तर मात्र ते नशीब नव्हे.

स्वतः तपासायचं तर मशीन आणि वेळ दोन्ही इंजिनांना सारखी द्या. सुरुवातीच्या चाली बदलत ठेवा, नाहीतर इंजिनं बऱ्याचदा तोच डाव पुन्हा खेळतात; आणि प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवा. इतके डाव खेळवायला कॉम्प्युटर रात्रभर चालतो. मध्येच करंट गेला, की सकाळी उरलेले डाव पुढे चालू.