आरटीसी मॉड्यूल

आरटीसी म्हणजे रिअल टाइम क्लॉक: वीज गेली तरी वेळ आणि तारीख चालू ठेवणारे छोटे इलेक्ट्रॉनिक घड्याळ. अर्डुइनोसारख्या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला ते आयटूसी या जोडणी-पद्धतीच्या दोन तारांनी जोडतात; लाइट नसताना बटण सेलवर चालते. वायफाय असेल तिथे इंटरनेटवरून वेळ घेता येते, पण सांगली जिल्ह्यात तासगाव-पलूसकडच्या द्राक्षमळ्यांत ती सोय सहसा नसते. ठिबकाचा पंप ठरल्या वेळी सुरू करणाऱ्या टायमरला भारनियमनानंतरही स्वतःच्याच घड्याळावर विसंबावे लागते.

अचूकता पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख सेकंदांत किती सेकंदांची चूक, अशी सांगतात. १ पीपीएम म्हणजे वर्षाला साधारण ३१.५ सेकंद. स्वस्तातल्या डीएस१३०७ चिपला ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल (ठरावीक वेगाने कंप पावून घड्याळाला ठोका देणारा क्वार्ट्झचा तुकडा) बाहेरून लावावा लागतो. तो २० पीपीएमचा असेल तर महिन्याला ५२ सेकंदांपर्यंत फरक पडतो. खरी अडचण उन्हाची. असा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास नीट चालतो. तापमान तिथून वर जावो की खाली, घड्याळ मागेच पडते, आणि तेही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. एप्रिलमध्ये स्टार्टरशेजारच्या पत्र्याच्या पेटीत पारा ५५ अंशांवर गेला, तर त्या वेगाने दिवसाला अडीच सेकंद जातात.

डीएस३२३१ मध्ये क्रिस्टल चिपच्या पोटातच असतो. ती दर ६४ सेकंदांनी स्वतःचे तापमान मोजून चाल दुरुस्त करते. शून्य ते ४० अंशांत चूक २ पीपीएमच्या आत, म्हणजे वर्षाला जेमतेम मिनिटभर. ८५ अंशांपर्यंत ३.५ पीपीएम. शेतातल्या कामाला हीच घ्यावी. मात्र चिपवरचे अक्षर भिंगाखाली वाचावे: ‘एसएन’ची ही अचूकता आहे, ‘एम’ प्रकार ५ पीपीएमचा.

डीएस३२३१ बसवलेल्या झेडएस-०४२ या सर्रास मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलमध्ये एक धोका आहे. त्यातले चार्जिंग सर्किट एलआयआर२०३२ या रिचार्जेबल सेलसाठी आहे. तिथे साधा सीआर२०३२ घालून ५ व्होल्ट दिले तर न चार्ज होणाऱ्या सेलमध्ये करंट ढकलला जातो. सेल फुगू शकतो, गळू शकतो. साधा सेलच वापरायचा असेल तर चार्जिंगच्या वाटेतला २०० ओहमचा रेझिस्टर किंवा डायोड आधी काढावा.

बाजारात नकली चिपाही फिरतात. पेटीत बसवण्यापूर्वी मॉड्यूल आठवडाभर चालवून मोबाइलच्या वेळेशी ताडावे. अस्सल ‘एसएन’चा फरक तेवढ्यात दीड सेकंदही भरत नाही.