झिजलेला देव बदलावा का? देवघरातील पितळी मूर्तींची पार्श्वभूमी

देवघरातील जुन्या पितळी मूर्तींविषयी घरोघरी निघणारा वाद बहुतेक वेळा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो. नाक-डोळे पुसट झालेला, हातातील लोण्याचा गोळा तळव्यात विरून गेलेला बाळकृष्ण तसाच पूजेत ठेवावा, की त्याचे विसर्जन करून नवा आणावा? घर बदलताना, वाटण्या होताना, लग्नकार्याच्या आधी देव उजळायला काढताना हा प्रश्न हमखास पुढे येतो आणि त्याचे उत्तर शास्त्रात शोधले जाते. शास्त्रात त्याचे उत्तर अर्धेच सापडते. उरलेले अर्धे धातूचा स्वभाव, ओतकामाची पद्धत आणि गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत बदललेला बाजार यांत आहे.

प्राचीन काळाविषयी येथे थोडक्यातच लिहितो. पूजेची मूर्ती आणि विक्रीची मूर्ती यांत भेद करणारे सूत्र पाणिनीच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथात आहे, म्हणजे मूर्ती घडवणे आणि विकणे हा व्यवहार तेव्हाही अपरिचित नव्हता. भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत दगड, लाकूड, वाळू, रत्न यांच्याबरोबर धातूची प्रतिमाही येते. घरात पुजायची मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वीतभर उंचीपर्यंतच असावी, हा मत्स्यपुराणातील नियम आजही पाळला जातो आणि देव्हाऱ्यांची मापे त्यावरूनच ठरत आली. मात्र स्मार्त घरांतील पंचायतनात, म्हणजे पाच देवांच्या एकत्र पूजेत, मूळ मान होता तो नैसर्गिक पाषाणांना: गंडकीचा शाळिग्राम, नर्मदेचा बाण (शिवलिंग म्हणून पुजला जाणारा गोटा), शोण नदीचा तांबडा दगड. त्यांना प्राणप्रतिष्ठेची गरज नसते. ओतलेल्या मूर्तीला ती असते, आणि म्हणून ती माणसाच्या हातून घडते ही गोष्ट तिच्या पूजेच्या विधीतच गृहीत धरलेली आहे.

पितळ हा धातू सहजी हाती आलेला नाही. त्यात तांब्याबरोबर जस्त असते, आणि जस्त 907 अंश सेल्सियसला उकळून वाफ होते. खनिजातून ते मोकळे करायला याहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे उघड्या भट्टीत ते हाती लागण्याआधीच उडून जाते. राजस्थानातील झावर येथे ही वाफ मातीच्या बंद मुशींतून (धातू तापवायच्या भांड्यांतून) खाली उतरवून थंड करण्याचे तंत्र मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर वापरात होते, आणि तेथील वापरलेल्या मुशींचे ढीग आजही पाहायला मिळतात. त्याआधी जस्ताचे खनिज आणि तांबे एकत्र तापवून पितळ केले जाई. हिमाचलातील भरमौर आणि छतराडी येथील सातव्या-आठव्या शतकांच्या सुमारास घडलेल्या देवीमूर्ती पितळेच्या आहेत, आणि त्यांच्या बैठकीवरील लेखांत राजाबरोबर कारागिराचेही नाव कोरलेले आहे. पुढच्या काळात घरगुती देवांच्या कारागिरांची नावे कुठेच उरली नाहीत, याचे वाईट वाटते.

ओतकामाची जुनी रीत मेणाची. राळ मिसळलेल्या मेणाची मूर्ती हाताने घडवायची, तिच्यावर मऊ मातीचे थर चढवायचे, साचा तापवून मेण वाहून जाऊ द्यायचे आणि त्या पोकळीत वितळलेल्या धातूचा रस ओतायचा. कल्याणीच्या चालुक्य दरबारात बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात ही कृती दिली आहे, आणि मेणाच्या वजनावरून किती धातू लागेल याचे प्रमाणही. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती निघते. तामिळनाडूतील स्वामीमलै येथे ही पद्धत आजही चालते. दुसरी पद्धत रेतीची. दोन पेट्यांत दमट रेती ठोकून भरायची, मूळ नमुना दाबून ठसा घ्यायचा आणि नमुना काढून त्या जागी रस ओतायचा. नमुना शाबूत राहतो, म्हणून एकसारख्या कितीही मूर्ती निघतात. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद आणि अलीगढ येथे या पद्धतीचे मोठे व्यवसाय उभे राहिले. बाजारात ‘हाताने घडवलेली’ म्हणून मिळणारी मूर्ती पुष्कळदा या दुसऱ्या पद्धतीची असते. तिच्यावर छिन्नी आणि कानस हातानेच चालवलेली असते, त्यामुळे हा दावा सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही. पण नमुना घडवणारा हात एक, आणि त्यावरून निघणाऱ्या प्रती अनेक, हे घेणाऱ्याला सांगितले जायला हवे.

महाराष्ट्रातील देवघरात या ओतीव मूर्तींच्या शेजारी टाक असतात, आणि दोहोंचा वंशक्रम वेगळा आहे. टाक हा पत्र्यावर ठोकून उठवलेला, बहुधा चांदीचा. खंडोबा, भवानी, कुळातील पूर्वज हे टाकांत असतात आणि ते वडिलांकडून मुलाकडे जातात. अन्नपूर्णा मात्र मुलीबरोबर येते. गौरीहर पुजताना वधूसमोर जी अन्नपूर्णा असते, ती माहेरहून मिळालेली असते आणि तिच्याबरोबर सासरच्या देव्हाऱ्यात बसते. बाळकृष्णही अनेक घरांत असाच आलेला असतो. एकाच ताम्हनात स्नान होणाऱ्या देवांपैकी काही कुळाचे असतात आणि काही त्या घरात आलेल्या सुनांचे, हे लक्षात घेतले की ‘देव कोणाचे’ या प्रश्नावरची भांडणे इतकी तीव्र का होतात हे उमगते.

एकोणिसाव्या शतकात दोन बदल झाले. रेल्वे आणि आगबोटींमुळे युरोपातील पितळी पत्रा येथील बाजारांत उतरला, आणि तांबट-ओताऱ्यांचा कच्चा माल स्थानिक भट्टीपेक्षा बंदरातून येऊ लागला. दुसरा बदल छापील देवांचा. 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या रंगीत शिळाछापाच्या (दगडावरून चित्रे छापण्याच्या) कारखान्यातून देवांची चित्रे स्वस्तात घरोघर पोहोचली. देवाचा चेहरा कसा असावा याची लोकांच्या मनातील कल्पना या चित्रांनी बदलली, असे माझे मत आहे. त्याआधीच्या ओतीव मूर्तींचे चेहरे पाहिले तर डोळे म्हणजे दोन ठळक रेघा, नाक म्हणजे एक उभी कड, आणि सारा भर बसण्याच्या ढबीवर. नंतरच्या मूर्तींत गालांची गोलाई, ओठांचे स्मित, अलंकारांची नक्षी आली. बारीक नक्षी दिसायला सुंदर असते, पण झिजायलाही तीच आधी लागते.

तिसरा बदल स्वातंत्र्यानंतरचा, आणि त्याची नोंद फारशी घेतली जात नाही. स्टेनलेस स्टील स्वयंपाकघरात शिरले तसे पितळी हंडे, घागरी, पातेली मोडीत गेली. कल्हईचा खर्च वाचला, घासण्याचे कष्ट वाचले. त्या मोडीचा बराच भाग वितळून पुन्हा ओतकामाला लागला. पितळेचे स्वयंपाकघरातील स्थान गेले आणि देवघरातील तेवढे उरले. पूर्वी देव आणि भांडी एकाच धातूची, एकाच चिंचेने घासली जात. आता पितळ म्हटले की देव आणि समई एवढेच डोळ्यांपुढे येते. ‘पंचधातूची मूर्ती’ या नावाने पितळच अधिक भावाने विकण्याची रीतही याच काळात फोफावली.

आता मूळ वादाकडे. पितळ काळवंडते ते हवेमुळे आणि हाताच्या घामामुळे. चिंचेतील आम्ल तो थर विरघळवते, आणि मग राख किंवा रांगोळी चोळून चकाकी आणली जाते. ही चकाकी म्हणजे दर वेळी धातूचा अतिशय पातळ थर निघून जाणे. पन्नास-साठ वर्षे सणासुदीला देव घासले गेले की परिणाम दिसतो. एखादी जुनी अन्नपूर्णा हातात घेऊन पाहावी. मांडीवर आडवी धरलेली पळी मांडीशी एकजीव झालेली असते, नाक सपाट, पण पाठीमागचा भाग आणि प्रभावळीच्या कमानीची आतली बाजू अजून खरखरीत असते, तेथे छिन्नीचे घाव मोजता येतात. रांगता बाळकृष्ण दोन गुडघे आणि एक तळवा यांवर टेकलेला असतो. त्यातला एक टेकू झिजला की तो ताम्हनात डुगडुगू लागतो आणि मग घरात विषय निघतो.

खंडित मूर्ती पुजू नये, हा नियम सर्वमान्य आहे. अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या विधीत पुढचे सांगितले आहे: लाकडाची मूर्ती अग्नीत द्यावी, दगडाची पाण्यात सोडावी, धातूची किंवा रत्नाची खोल पाण्यात अथवा समुद्रात सोडावी. हा विधी मुख्यतः देवालयातील मूर्तींच्या संदर्भात आला आहे. घरातील मूर्तीला तो जसाच्या तसा लावावा का, येथे पहिला मतभेद. दुसरा, आणि माझ्या मते खरा मतभेद, झीज म्हणजे भंग का, हा. हात तुटणे, तडा जाणे, बैठक निखळणे हा भंग. रोजच्या अभिषेकाने आणि घासण्याने रेषा पुसट होणे ही सेवेची खूण आहे, असे मानणारी घरे पुष्कळ आहेत, आणि मीही त्याच बाजूचा आहे. मूर्तीचे अवयव ओळखू येत नाहीत तर ध्यान कशाचे करणार, असा विरुद्ध पक्ष आहे. तो आदराने ऐकला पाहिजे, पण शाळिग्रामाला तर अवयव कधीच नव्हते.

धातूच्या बाबतीत तिसरा मार्गही आहे आणि टाकांच्या बाबतीत तो रूढ आहे: सोनाराकडे देऊन जुना टाक उजळून घेणे, फारच झिजला असेल तर आटवून त्याच चांदीत नवा करणे. ओतीव पितळी मूर्तीलाही हेच का लागू करू नये, यावर पुरोहितांत एकमत नाही. काही जण जुन्या मूर्तीतील देवत्व कलशातील जलात आवाहन करून नव्या मूर्तीत नेतात आणि मग जुनी आटवायला हरकत नाही असे सांगतात. इतर काही पुजलेला देव मुशीत घालण्यास ठाम नकार देतात आणि विसर्जनच सुचवतात. मला वाटते, वाहत्या पाण्यात पितळ टाकण्याचा आग्रह आज सोडून द्यायला हवा. माती विरघळते, पितळ नदीच्या गाळात तसेच पडून राहते, आणि तेथून ते कोणाच्या हाती लागेल आणि पुन्हा कोणत्या भट्टीत जाईल, हे विसर्जन करणाऱ्याला ठाऊक नसते.

बदलण्याच्या बाजूने जो जोर अलीकडे वाढला आहे, त्यात बाजाराचा वाटा मोठा आहे. लाखेचा पारदर्शक थर दिलेल्या, न काळवंडणाऱ्या मूर्ती आता सर्रास मिळतात, आणि त्यांना चिंच लावू नये असे विक्रेतेच सांगतात. त्यांच्या शेजारी जुनी मूर्ती मलूल दिसते. याच दुकानांत मुद्दाम काळसर रंग देऊन जुनेपणाचा आभास आणलेल्या मूर्तीही अधिक किमतीला मिळतात, आणि त्या शोभेसाठी दिवाणखान्यात जातात.

कायद्याची बाजू यात उशिरा आली. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले धातूचे शिल्प पुरावस्तू ठरते. ते खासगी मालकीत ठेवता येते, पण त्याची नोंदणी करावी लागते, मालकी बदलल्यास कळवावे लागते आणि देशाबाहेर नेता येत नाही. हा कायदा 1976 पासून अमलात आहे, तरी घरातील चार बोटांच्या अन्नपूर्णेला तो लागू होऊ शकतो हे फार थोड्यांना माहीत असते. पणजीच्या लग्नात आलेल्या अनेक मूर्तींनी आता शंभरी ओलांडली आहे. अशी मूर्ती झिजली म्हणून नदीत सोडायला सांगणारा सल्ला आणि ती जुनी म्हणून नोंदवून जपायला सांगणारा कायदा, हे दोन्ही आज त्याच देव्हाऱ्यापुढे उभे आहेत, आणि बहुतेक कुटुंबांपर्यंत त्यांपैकी पहिलाच पोहोचतो.