ग्रहीय तेजोमेघांची घडण आणि युग्मतारे

सूर्याच्या सुमारे १ ते ८ पट वस्तुमानाचा तारा आयुष्याच्या अखेरीस फुगून तांबडा महाकाय तारा होतो आणि आपले बाह्य थर अवकाशात सोडून देतो. मागे उरलेल्या तप्त गाभ्याच्या जंबुपार किरणांनी हा वायू उजळला की त्याला ग्रहीय तेजोमेघ किंवा बिंबाभ्रिका म्हणतात. एकट्या, गोल ताऱ्याने सोडलेले कवच गोलच असायला हवे, परंतु बहुसंख्य तेजोमेघ लंबगोल, दोन पाळ्यांचे किंवा त्याहूनही गुंतागुंतीचे दिसतात. १९७८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ सन क्वोक व सहकाऱ्यांनी मांडल्याप्रमाणे ताऱ्याचा नंतरचा वेगवान वारा, म्हणजे त्यातून बाहेर वाहणारा वायू, आधीच्या संथ वाऱ्याला ढकलत नेतो. यातून कवच कसे तयार होते हे उलगडते, पण ताऱ्याच्या विषुववृत्ताभोवती वायू अधिक दाट का साचतो हे उलगडत नाही. फुगलेल्या ताऱ्याचे परिवलन अतिशय मंदावलेले असते. त्यामुळे वायू असा साचण्यासाठी लागणारा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) बाहेरूनच, म्हणजे जोडीदार ताऱ्याकडून, मिळाला असावा हे स्पष्टीकरण आज सर्वांत भक्कम वाटते.

जोडीदार पुरेसा जवळ असेल, तर फुगणारा तारा त्याला आपल्या आवरणात सामावून घेतो. ही सामायिक आवरणाची कल्पना बोहदान पाचिन्स्की यांनी १९७६ मध्ये मांडली. आवरणातील वायूच्या अवरोधामुळे जोडीदार सर्पिल मार्गाने गाभ्याकडे सरकतो, त्याच्या कक्षेची ऊर्जा आवरणाला मिळते आणि आवरण मुख्यतः कक्षेच्या पातळीत बाहेर फेकले जाते. त्यानंतरच्या वेगवान वाऱ्याला या दाट कड्यातून वाट मिळत नाही. तो दोन्ही ध्रुवांकडे निसटतो आणि दोन पाळ्या फुगतात. एबेल ६३ या तेजोमेघाच्या केंद्रातील यूयू सॅजिटी ही पिधानकारी (एकमेकांना आळीपाळीने झाकणाऱ्या ताऱ्यांची) जोडी सुमारे ११ तासांत एक प्रदक्षिणा पूर्ण करते. एवढी आखूड कक्षा महाकाय ताऱ्याच्या पूर्वीच्या विस्तारातच सामावली असती, त्यामुळे हे तारे मुळात दूर असून आवरणातून जात जवळ आले असले पाहिजेत.

जोडीदाराने ओढून घेतलेल्या वायूची चकती बनली, तर तिच्यातून झोतही निघतात. फ्लेमिंग १ या तेजोमेघातील वळणदार, सममित झोतांच्या केंद्राशी सुमारे १.२ दिवसांत परस्परांभोवती फिरणारे दोन तारे असल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले. चकतीचा अक्ष हळूहळू डोलत गेल्याने झोतांना ते वळण आले.

सर्वांत निर्णायक पुरावा भूमितीचा आहे. ज्या आठ तेजोमेघांत कक्षेचा आणि तेजोमेघाचा असे दोन्ही कल (आपल्या दृष्टिरेषेशी असलेला तिरकेपणा) स्वतंत्रपणे मोजता आले, त्या आठही ठिकाणी तेजोमेघाचा अक्ष कक्षेच्या पातळीला लंब असल्याचे २०१६ मध्ये दाखवले गेले.

प्रकाशातील चढउतारांवरून मात्र सुमारे पाचव्या हिश्श्याच्या केंद्रीय ताऱ्यांनाच निकटचा जोडीदार आढळतो. हे प्रमाण कमी वाटले, तरी त्यात दूरच्या कक्षांतील जोडीदार धरलेले नाहीत. असे जोडीदार आवरणात न शिरताही वाऱ्यात सर्पिले आणि कमानी उमटवतात. एनजीसी ३१३२ या तेजोमेघातील कमानींचा अर्थ २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांवरून असाच लावला गेला. काही जोडीदार गाभ्यात विलीन होऊन नाहीसे होतात. अशा ठिकाणी आज एकच तारा दिसला, तरी तेजोमेघाची घडण जोडीचीच असू शकते.